क्लिकर डायरी: अंगठा सुधारला, डावा हात फितूर

क्लिकर म्हणजे 'टक्' वाजणारी डबी: कुत्र्याने बरोबर केलं त्याच क्षणी वाजवायची, मागोमाग खाऊ. मागच्या वेळी फुशारकी मारली होती की ती वेळेवर वाजवण्याच्या सरावात पक्का झालो. चेंडूत झालोच आहे. भाचा गच्चीवर टेनिस बॉल टाकतो, टप्पा पडला की माझं क्लिक. मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये मोजलं: चूक १० फ्रेमच्या आत, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. (सराव पहाटे साडेपाचला. नंतर नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर पाय ठरत नाही.)

पण आमचा कुत्रा भुऱ्या म्हणजे चेंडू नव्हे. 'नजर' शिकवतोय, डोळ्यांकडे पाहिलं की क्लिक. तीन आठवड्यांत साहेब शिकले काय, तर खाऊच्या पिशवीकडे बघायला! वाटलं, क्लिक उशिरा पडतंय, नजर घसरल्यावर. मग बातम्या लावल्या, निवेदिकेची पापणी लवली की क्लिक. टप्पा आधी दिसतो, पापणी सांगून लवत नाही. पहिल्या दिवशी ७० फ्रेम उशीर, आठवड्याने ५०. त्याखाली काही उतरेना. पाहून बोट हलवायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतोच. बायको म्हणाली, "एखादी बातमी ऐकाही कधी."

भुऱ्या मात्र पिशवीवरच.

रविवारी व्हिडिओ पाहता पाहता भाचा म्हणाला, "मामा, तुमचा हात आधीच जाऊन राहिला ना पिशवीत!" फ्रेम मोजल्या. डावा हात अंगठ्याच्या १८ फ्रेम आधी निघालेला, दर वेळी! भुऱ्या क्लिक ऐकतच नव्हता, हात वाचत होता. आणि मी बिचाऱ्या अंगठ्याला बोल लावत बसलो.

काल पिशवी काढून टाकली. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे वाटीत, वाटी फ्रिजवर, डावा हात खिशात. क्लिक, एक श्वास, मगच हात. पाच मिनिटांत नऊ वेळा डोळ्यांत डोळे! एकदा चुकून वाजलं, तरी तुकडा दिला. वाजलं की द्यायचंच.

सीताबर्डीहून आणलेला बटणाचा क्लिकर मात्र कडक निघाला, दाबेपर्यंत कुत्रा दुसरीकडे बघतो. पत्र्याच्या जिभेचा जुना डबीवालाच बरा. आवाज फार, म्हणून पत्र्यावर चिकटपट्टी लावलीय.

पुढे 'चटई' (सांगितलं की चटईवर जाऊन बसणं) घेणार होतो. पण हे लिहिताना व्हिडिओ परत पाहिला, तर नजर वर यायच्या आधी भुऱ्याचे कान पुढे येतात! कान पकडले तर तो पाव सेकंद भरून निघेल. चटई राहू दे. उद्या कानच मोजतो. भाचा पाचला उठायला तयार झालाय, तर्री पोह्याच्या बोलीवर.