बावन्न वजा अडतीस

आटपाडी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर मी आहे. कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातली अडचण घेऊन उपाय करून बघायचा आणि अहवाल लिहायचा. ते म्हटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न, "जुनी फाईल कुणाकडं आहे?" शीर्षक, गरज, उद्दिष्टं, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, नावं बदलायची आणि डाएटकडं, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेकडं, पाठवायची. उत्तरचाचणीत सगळी पोरं सुधारलेलीच असतात.

म्हणून शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, शेजारच्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "सगळ्या शाळांनी मिळून एकच विषय घेऊया," तेव्हा बरीच चुळबुळ झाली. मॅडम नोकरीला आमच्यापेक्षा नव्या. पण केंद्रप्रमुखांनी त्यांनाच पुढं केलं आणि स्वतः आमच्यात येऊन बसले. माझ्या मते निम्मं काम तिथंच झालं.

विषय ठरला तिसरीची हातच्याची वजाबाकी. प्रत्येकानं पोरांचे कागद आणले. गुण द्यायचे नाहीत, नावं बघायची नाहीत, नुसते चुकीप्रमाणं गठ्ठे करायचे. सगळ्यात जाड गठ्ठा ५२ − ३८ = २६ चा निघाला. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. वरचा आकडा कुठला, खालचा कुठला, हे न बघता मोठ्यातून लहान वजा. शाळा वेगळ्या, शिक्षक वेगळे, चूक तीच. तोवर जो तो आपल्याच वर्गाला कच्चा म्हणत होता.

मग सगळ्यांनी बसून एकच पाठ तयार केला. दहा-दहा काड्यांच्या जुड्या, आणि दोन सुट्ट्या काड्यांतून आठ देता येईनात की पोरानंच जुडी सोडायची. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी मागं बसून बघायचं. जपानमधले शिक्षक शंभराहून जास्त वर्षं असंच एकमेकांचे पाठ बघत आले आहेत. आम्हाला मात्र मागं कुणी वही घेऊन बसलं की तपासणीच आठवते. एका ज्येष्ठ सरांनी स्पष्टच सांगितलं, "माझ्या वर्गात नको." मॅडमनी वाद घातला नाही. एकच नियम केला : लिहायचं ते पोरांबद्दल, शिकवणाऱ्याबद्दल एक ओळ नाही. पहिला पाठ त्यांनी स्वतःच्या वर्गात घेतला. पुढं त्याच सरांनी आम्हाला बोलावलं.

बघताना जे दिसतं ते शिकवताना दिसत नाही. आमच्या भागातली बरीच कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परराज्यात असतात. तमिळनाडूतून परत आलेला एक पोरगा माझ्यासमोरच बसला होता. त्यानं काड्यांना हात लावला नाही. बोटं मोडत पुटपुटला, "अडतीसचे चाळीस, दोन. चाळीसचे बावन्न, बारा." आणि १४ लिहून मोकळा. दुकानदार सुट्टे परत देतो तशी ही वजाबाकी. हातचा मांडला नाही म्हणून असल्या उत्तरांचे गुण आपण कापतो. पुढच्या शाळेतल्या पाठात त्याची रीत फळ्यावर घेतली.

ठरवा, करा, बघा, विचार करा, पुन्हा ठरवा : कुर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधनाची मांडणी केली ती अशीच वेटोळ्यासारखी. आमच्या फायलींत एकच फेरा असतो आणि तो यशस्वीच होतो!

वेळेचं म्हणाल तर हालच. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, कुणाकडं मतदार याद्या. दोनशिक्षकी शाळेतला एक बाहेर पडला की दुसऱ्यावर सगळे वर्ग. यावर तोडगा असा नाहीच. पाठ शनिवारी सकाळी ठेवले आणि चर्चा शाळा सुटल्यावर केली.

२६ चा गठ्ठा बराच पातळ झाला, संपला नाही. शिवाय तीन अंकी उदाहरणांत नवाच गठ्ठा तयार झाला : ४०२ − १५८ = २५४. शतक सोडवून दशकाच्या घरात दहा आणले, त्यातला एक एककाला दिला, पण दशकाकडं नऊच उरले हे पोरं विसरतात. अहवालात हे जसंच्या तसं लिहिलं. पुढचा फेरा या शून्याचाच आहे, आणि तो पुढाकार घेऊन चालवणार आहेत "माझ्या वर्गात नको" म्हणणारे सर.