सागार्नागाचा चढ

ला पाझ, बोलिव्हिया. तिसरी रात्र. सव्वातीन.

पुन्हा दचकून जागी झाले. डोळा लागला की श्वास मध्येच थांबतो, आणि मग पाण्यातून डोकं वर काढावं तशी मी धापा टाकत उठून बसते. उंचीवर पहिल्या काही रात्री असं होतं, हे निघण्याआधी वाचलं होतं. पण वाचलेलं दिवसा आठवतं. आठ जणांच्या खोलीत, वरच्या बंकवर, अंधारात आपलाच श्वास थांबलेला कळतो तेव्हा फक्त घर आठवतं. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिकडे आता दुपारचा पाऊण वाजला असेल. तिचं जेवण उरकत आलं असेल.

डोकं ठणकतंय. पण झोप उडाली ती त्यामुळे नाही, त्या आजींमुळे.

परवा रात्री सांता क्रूझहून विमानाने उतरले. ते शहर ४०० मीटरवर, आणि एल आल्टोचा विमानतळ ४,००० च्याही वर. तासाभरात एवढी चढाई कुठल्या शरीराला मानवणार? खुद्द शहर त्याखालच्या खोल वाटीत, सुमारे ३,६०० मीटरवर. टॅक्सी कड्यावरून वळली आणि ती सगळी वाटी काठोकाठ दिव्यांनी भरलेली दिसली, तेव्हा मी रडले. कशाने, ते आता नको.

कळसूबाई १,६४६ मीटर. ती मी सात वेळा केली आहे, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, आणि त्याचा केवढा अभिमान सोबत घेऊन आले होते! इथे हॉस्टेलचा एक जिना चढले आणि कठडा धरून उभी राहिले. काउंटरवरच्या मुलाने इथली म्हण ऐकवली. हळू चालायचं, थोडं खायचं, एकट्याने झोपायचं. तिसरं ऐकून बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. असो.

हवेत ऑक्सिजन इथेही २१ टक्केच असतो. दाब कमी, म्हणून एका श्वासात समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाइतकाच पदरात पडतो. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चहा काही केल्या उतरत नाही. आईने दिलेलं चिवड्याचं पाकीट सॅकमधून काढलं तर उशीसारखं टम्म फुगलेलं. बोट लावलं तरी फुटेल असं. फोडवेना. तसंच उशाशी ठेवलंय.

काल सकाळी बाहेर पडले. प्लाझा मुरिल्योत संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ उलटं फिरताना पाहिलं. २०१४ साली मुद्दाम तसं केलं आहे, काटे डावीकडे जातात. मग सान फ्रान्सिस्को चर्चजवळून सागार्नागा रस्त्याचा चढ. लिनारेसच्या कोपऱ्यावर दुकानांत वाळवलेले लामाचे गर्भ टांगलेले असतात. नवं घर बांधताना पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, अर्पण म्हणून पायात पुरतात. ते बघायला निघाले होते. त्या कोपऱ्याच्या जरा खालीच डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. भिंतीला हात टेकून उभी राहिले.

आणि पाठीवर हात पडला. म्हणजे सॅकवर.

मी गर्रकन वळले, सॅक पुढे ओढली, दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली. तोंडातून ‘नो!’ गेलं, चांगलं मोठ्याने. रस्त्यातले दोघेतिघे थांबले.

समोर एक आजी. डोक्यावर ती इथली गोल हॅट, घेरदार पोयेरा म्हणजे इथला घागरा, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या आग्वायोत, म्हणजे विणलेल्या चौकोनी कापडात, बांधलेलं माझ्या सॅकच्या दुप्पट ओझं. हातात हिरवी प्लॅस्टिकची पिशवी, कोकाच्या पानांची; इथे उंचीच्या त्रासावर ती चघळतात. दम लागलेल्या परक्या पोरीसाठी त्यांनी चिमूटभर पानं पुढे केली होती. माझ्या झटक्याने ती उडाली, दगडी फरसबंदीवर पसरली.

त्या काहीच बोलल्या नाहीत. ओझ्यासकट खाली वाकल्या आणि एकेक पान वेचायला लागल्या. दगडांच्या फटीत गेलेलंसुद्धा नखाने काढलं, पोयेराला पुसलं, पिशवीत टाकलं. मी वाकायला हवं होतं. मी सॅक धरून उभी होते.

मग उभ्या राहून म्हणाल्या, ‘देस्पासितो, मामिता.’ सावकाश, बाळ. आणि चढावरून गेल्या, एकदाही न थांबता.

माझ्या बुटाखाली एक पान राहिलं होतं. ते उचलून मी कपाळाला लावलं, पुस्तकाला पाय लागला की लावतो तसं. तोवर त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या होत्या.

कालपासून स्वतःची समजूत घालतेय. सोरोचे, म्हणजे उंचीचा त्रास. डोकं ताळ्यावर नव्हतं. एकटी बाई. निघताना प्रत्येकाने बजावलेलं, सॅक सांभाळ, कोणी अंगाशी आलं तर सावध राहा. सगळं खरं. पण एक गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. पुढचं पाऊल टाकायला माझ्यात श्वास नव्हता, आणि सॅक ओढायला होता. राजमाचीच्या वाटेवर मावशींनी ताकाचा पेला पुढे केला तेव्हा मी कधी खिसा चाचपला होता? त्या मराठी बोलल्या म्हणून नाही चाचपला? की तिथे मला कोणी काही बजावलं नव्हतं म्हणून?

आज तेलेफेरिकोने, म्हणजे इथल्या रोपवेने, वर एल आल्टोला गेले. लाल लाइन, सगळ्यात जुनी, २०१४ ची. पाळण्यात शिरणारा प्रत्येक जण आधी ‘बुएनोस दीआस’, म्हणजे सुप्रभात, म्हणतो आणि सगळे उत्तर देतात. खालून दफनभूमी सरकत गेली, भिंतीतल्या कप्प्यांना काचेची दारं आणि आत फुलं. पलीकडे इयिमानी शिखर, ६,४३८ मीटर, नुसता पांढरा. तेव्हा लक्षात आलं, सॅक मी मांडीवर घेऊन मिठी मारून बसले आहे. खाली पायाशी ठेवली. कोणी तिच्याकडे बघितलंही नाही. जरा बरं वाटलं. डोकंही तेवढ्यापुरतं थांबलं.

संध्याकाळी पुन्हा त्या कोपऱ्यावर जाऊन अर्धा तास उभी होते. तशा हॅट आणि तशी ओझी कितीतरी गेली. मग कळलं, त्या समोर आल्या तरी मला ओळखता येणार नाहीत. मी त्यांचा चेहरा पाहिलाच नव्हता. हातांवर लक्ष होतं माझं, सॅकपाशी काय करताहेत म्हणून.

माफी मागायला त्या मिळणार नाहीत. हे आता धरून चालायला हवं.

पान या वहीत आहे. वाळलंय, मागच्या बाजूला मधल्या शिरेच्या दोन्हीकडे कमानीसारख्या दोन पुसट रेघा. घरी नेता येणार नाही, मनाई आहे. तोवर राहू दे.

पावणेचार. खालच्या बंकवरची नवी मुलगी आत्ताच धडपडून उठून बसली, माझ्यासारखीच धापा टाकत. मी वाकून पाण्याची बाटली खाली धरली. तिने आधी अंधारात स्वतःची बॅग चाचपली. मग बाटली घेतली.