खरेदीसाठी दुबईला जाताना हॉटेलचा हिशेब

बेळगावात लग्नाचा बस्ता अजून खडे बाजार, शहापूर आणि गणपत गल्लीतच बांधला जातो, आणि साड्यांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण सोनं, घड्याळं, अत्तरं, बॅगा यांच्यासाठी तीन-चार रात्री दुबई गाठणारी घरं आता निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत सापडतात. विमानाचं तिकीट ही मंडळी दहा ठिकाणी भाव बघून काढतात, हॉटेल मात्र पोहण्याच्या तलावाचा फोटो बघून. खरेदीच्या दौऱ्यात त्या तलावात कुणी उतरत नाही. पिशव्या घेऊन किती चालायचं आणि शेवटच्या दिवशी सामान कुठे ठेवायचं, महागड्या हॉटेलचे पैसे फिटतात की नाही ते एवढ्यावर ठरतं.

म्हणून आधी जागा. ‘मॉलपासून ५०० मीटर’ या वाक्यावर दुबईत विश्वास ठेवू नये. ते अंतर नकाशावरचं सरळ रेषेतलं असतं आणि मधे शेख झायेद रोडसारखा रस्ता आडवा असला तर पायी ओलांडायची सोय फक्त मेट्रो स्टेशनच्या पुलावर किंवा पादचारी पुलावर. मे ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या आसपास किंवा वर असतो, तेव्हा हेच ५०० मीटर टॅक्सीचे होतात. मॉलला आतूनच जोडलेली हॉटेलं वेगळी: दुबई मॉलला ‘अॅड्रेस दुबई मॉल’, मॉल ऑफ द एमिरेट्सला केम्पिन्स्की आणि शेरेटन. दुपारी पिशव्या खोलीवर टाकून पुन्हा खाली उतरता येतं, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर त्याला तासभर पाठ टेकता येते. दुबई मॉलच्या मेट्रो स्टेशनपासून मॉलपर्यंत वातानुकूलित पूल आहे खरा, पण तो पाऊण किलोमीटरहून लांब आहे. हातात चार पिशव्या असताना तो संपता संपत नाही.

मुख्य खरेदी सोन्याची आणि मीना बाजारातल्या कापडाची असेल तर मात्र मॉलजवळच्या महाग हॉटेलचा उपयोग नाही. देरा किंवा बर दुबईत राहावं. खाडीच्या अलीकडे बर दुबईत मीना बाजार, पलीकडे देरात गोल्ड सूक, म्हणजे सोन्याचा बाजार. मधे एक दिरहममध्ये (दिरहम म्हणजे तिथलं चलन) अब्रा, म्हणजे होडी. मॉलजवळच्या हॉटेलाइतक्याच पैशात इथे खोलीही मोठी मिळते.

आता भाडं. जाहिरातीतला आकडा आणि बिलातला आकडा वेगळा असतो. मूळ भाड्यावर १० टक्के सेवा शुल्क, ७ टक्के नगरपालिकेचं शुल्क आणि ५ टक्के व्हॅट लागतो. शिवाय ‘टुरिझम दिरहम’ नावाचं शुल्क आहे. पंचतारांकितला दर खोलीमागे दर रात्री २० दिरहम, चारतारांकितला १५. म्हणजे ८०० दिरहमची खोली साधारण हजाराला पडते. बऱ्याच वेबसाइट ‘सर्व करांसहित’ म्हणतात आणि टुरिझम दिरहम तरीही काउंटरवर वेगळा घेतला जातो. बुकिंगच्या शेवटच्या पानावर ‘हॉटेलात भरायची रक्कम’ अशी ओळ असते, ती वाचावी.

खरी अडचण अनामतीची. खोलीचे पैसे आधी भरले असले तरी चेक-इनच्या वेळी हॉटेल कार्डावर अनामत अडकवून ठेवतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा, पण रात्रीमागे ३०० दिरहम धरले तरी चार रात्रींचे १,२०० होतात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा तेवढी कमी दिसते. फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड) किंवा डेबिट कार्ड दिलंत तर शिल्लकच तेवढी अडकते, आणि हॉटेलनं निघताना सोडली तरी बँकेतून परत यायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. खरेदीचे पैसे ज्या कार्डावर आहेत ते काउंटरवर कधीच देऊ नये. अनामतीला क्रेडिट कार्ड, खरेदीला फॉरेक्स कार्ड. मशीनवर ‘रुपये की दिरहम’ असा पर्याय आला तर दिरहमच दाबावं. रुपये निवडले की रूपांतराचा दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो आणि तो आपल्या बँकेपेक्षा महाग असतो.

पुण्या-बेंगळुरातल्या मुलानं स्वतःच्या कार्डावर आई-मावशीचं बुकिंग केलं, असं नेहमी होतं. काही हॉटेलं तेच कार्ड प्रत्यक्ष दाखवायला सांगतात. निघण्यापूर्वी मुलानं हॉटेलला मेल करून आपलं कार्ड दुसऱ्यासाठी वापरायला परवानगी देणारा फॉर्म भरून द्यावा. तिघी बायका एकाच खोलीत राहणार असतील तर बुकिंगमध्ये तीन प्रौढ असंच लिहावं. दोन लिहून तिसरी गेली तर जादा पलंगाचे पैसे तिथल्या दरानं लागतात. ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे पलंग, पण बहुतेक ठिकाणी ती विनंती असते, हमी नव्हे. आदल्या दिवशी मेलवर पक्कं करून घ्यावं. क्लब लाउंजवाली, म्हणजे खास पाहुण्यांच्या दालनात चहा-खाणं मिळणारी महाग खोली मात्र घेऊ नये. तिथलं चहा-खाणं मुख्यतः दुपारी-संध्याकाळी असतं आणि त्या वेळी तुम्ही दुकानात असता. त्यापेक्षा नाश्ता भाड्यात धरलेली साधी खोली बरी. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. आपला चालत नाही, तेव्हा अडॅप्टर इथूनच न्यावा.

हॉटेलच्या बिलावरचा व्हॅट पर्यटकाला परत मिळत नाही, वस्तूंवरचा मिळतो. एका दुकानात किमान २५० दिरहमची खरेदी आणि बिल करतानाच पासपोर्ट दाखवून ‘टॅक्स फ्री’ नोंद, या दोन अटी. नंतर मागून उपयोग नाही. भरलेल्या व्हॅटपैकी ८७ टक्के मिळतात आणि दर नोंदीमागे ४.८० दिरहम कापले जातात. २,००० दिरहमच्या बिलात व्हॅट सुमारे ९५, हातात येतात ७८. त्यामुळे किरकोळ वस्तू चार दुकानांत विखरून घेण्यापेक्षा एकाच बिलात घ्याव्यात. विमानतळावर बॅगा सोपवण्याआधी या नोंदींची पडताळणी होते, वस्तू बघायला मागू शकतात. म्हणून बॅग हॉटेलात भरतानाच टॅक्स फ्रीच्या वस्तू वरच्या थरात ठेवाव्यात.

खोली साधारण दुपारी तीनला मिळते आणि बाराला सोडावी लागते. परतीचं विमान रात्रीचं असेल तर सामान बेल डेस्कवर (हॉटेलच्या सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर) ठेवून पावती घ्या; यासाठी सहसा वेगळे पैसे लागत नाहीत. दागिने मात्र त्या बॅगेत ठेवू नका. ते अंगावर किंवा हातातल्या बॅगेत. वजनकाटा बेल डेस्कवरच मागावा. कोणतीही एक बॅग ३२ किलोच्या वर घेत नाहीत, तुमचं एकूण वजन कितीही शिल्लक असो. आणि दुबई विमानतळावर एक तरी बाजू सपाट नसलेलं सामान नाकारतात. आपल्याकडचं चादरीत बांधलेलं गाठोडं तिथे चालणार नाही. मेट्रोनं विमानतळावर जायचं असेल तर माणशी एक मोठी आणि एक छोटी बॅग एवढीच मुभा.

सोन्याबाबत एक गैरसमज घट्ट बसलाय: बाईमाणसाला ठरावीक तोळे माफ. ती सवलत परदेशात एक वर्षाहून जास्त राहिलेल्याला आहे, चार रात्रींच्या पाहुण्याला नाही. बिल जवळ ठेवून कस्टम्सच्या लाल मार्गानं, म्हणजे सामान जाहीर करण्याच्या रांगेतून जावं. इथून जाताना पाटल्या-तोडे घालून जाणार असाल तर निघतानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं, नाहीतर परतताना घरचंच सोनं नवं ठरू शकतं.

नेण्याच्या डब्यातही एक गोष्ट तपासा. अमिरातीत खसखस बंदी घातलेल्या पदार्थांत आहे. कुंदा न्या, लाडू न्या, पण अनारसे घरी ठेवा.

गोव्याहून जाणार असाल तर तिकिटावरचा कोड बघूनच गाडी ठरवा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपाला चोर्ला घाटानंही जाता येतं, आंबोली-सावंतवाडीकडूनही. पावसाळ्यात दरड कोसळली तर ड्रायव्हरला दुसरा रस्ता आधीच सांगून ठेवा, आणि येताना सामान वाढलेलं असतं, तेव्हा परतीला मोठी गाडी बोलवा.