फ्रेमच्या दुकानावरची गॅलरी : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा फ्रेमचा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत सासऱ्यांनी दुकान टाकलं तेव्हा अंबाबाईच्या तसबिरी, लग्नातले फोटो आणि मैदान मारलेल्या पैलवानांचे गदा खांद्यावर घेतलेले फोटो एवढंच काम असायचं, चित्रकार यायचे पण थोडे, आणि आले की फ्रेमच्या पट्टीच्या रंगावरून तासभर चर्चा चालायची. मी लग्न होऊन आले, हिशोब बघायला म्हणून गल्ल्यावर बसले, मग माउंट, म्हणजे चित्राभोवती लावायचा जाड पुठ्ठा, कापायला शिकले आणि आता दुकान मीच बघते, नवरा आणि दोन कारागीर मागच्या खोलीत पट्ट्या कापतात. फ्रेमवाल्यांनी चित्रकारांची गॅलरी कशी काय काढली असं लोक सारखं विचारतात, आणि दरवेळी अर्धवटच सांगून होतं म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

कोल्हापुरात चित्रकारांना तोटा कधीच नव्हता. आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांची चित्रं टाऊन हॉल म्युझियममध्ये आजही बघायला मिळतात. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत होते आणि तिथून थेट स्वतः कॅमेरा बनवून सिनेमा काढण्यापर्यंत गेले. चंद्रकांत मांडरे पडद्यावरचे हिरो पण निसर्गचित्रंही तितकीच मनापासून केली, राजारामपुरीतलं त्यांचं घर आज त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. दळवीज आणि कलानिकेतन या इथल्या चित्रकलेच्या कॉलेजांमधून दरवर्षी नवीन पोरंपोरी बाहेर पडतात. म्हणजे चित्रं काढणारे हात भरपूर, पण काढलेलं चित्र ठेवायचं कुठं आणि विकायचं कुठं हा प्रश्न तसाच राहिलेला. शाहू स्मारकचा हॉल थोड्या दिवसांसाठी भाड्यानं घ्यायचा, ओळखीच्यांना बोलवायचं, चहा पाजायचा आणि चित्रं परत रिक्षात घालून घरी. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज केला तर नंबर लागायला काही वर्षं जातात, आणि लागला तरी जाण्यायेण्याचा, राहण्याचा, फ्रेमचा खर्च आलाच. फ्रेमचा खर्च मला बरोबर माहीत असायचा कारण तो आमच्या उधारीच्या वहीत लिहिलेला असायचा!

आमची गॅलरी सुरू झाली ती 2019 च्या महापुरात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा फुगली, राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी 43 फूट असते तिथं पाणी 55 फुटांच्या वर गेलं, हायवे शिरोलीजवळ बंद, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत ऐन गणपतीच्या तोंडावर अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती पाण्यात. आमचं दुकान उंचावर आहे आणि वर सासऱ्यांच्या काळापासूनचा एक लांबच्या लांब हॉल आहे, त्यात तेव्हा नुसत्या जुन्या पट्ट्या आणि काचेची खोकी पडलेली. एका चित्रकाराचा फोन आला, “वहिनी, वर जागा हाय काय? पाणी गल्लीच्या तोंडाला आलंय.” मी म्हटलं आणा की, विचारताय काय. संध्याकाळपर्यंत टेम्पोनं, रिक्षानं, डोक्यावर घेऊन चित्रं येतच राहिली, काही कोरडी होती, बरीचशी भिजलेली.

भिजलेलं चित्र म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. काचेमागचं जलरंगातलं चित्र ओलं झालं की कागद काचेला चिकटतो, ओढला तर रंग काचेवर राहतो. ज्या फ्रेममध्ये काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची जाडी होती ती चित्रं वाचली, जी पैसे वाचवायला थेट काचेला लावलेली होती त्यातली बरीच गेली. ऊन पडलं म्हणून कोणीतरी कॅनव्हास गच्चीवर नेत होतं, सरांनी अडवलं. सर म्हणजे एक रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, आमच्याकडं पूर्वीपासून यायचे. त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं, कागद टीपकागदावर चित्राची बाजू वर करून आडवे ठेवायचे, कॅनव्हास चौकटीवरून काढायचा नाही, पंखा लावायचा पण वारा थेट चित्रावर मारायचा नाही, आणि दोन दिवसांच्या आत सुकवायचं नाहीतर बुरशी धरते. लाइट नव्हती तेव्हा जनरेटर आणला. कोण कुणाचं चित्र सुकवतोय याचा कुणी विचार केला नाही. एरवी एकमेकांच्या प्रदर्शनाला तोंडदेखलं जाऊन येणारी माणसं एकमेकांच्या चित्रांवर वाकून टीपकागद बदलत होती, आणि बदलता बदलता बघत होती, नीट बघत होती, हे आकाश कसं केलंस, इथं पांढरा रंग लावलास का कागदच सोडलास, असं सगळं.

पाणी उतरलं तरी चित्रं लगेच परत गेली नाहीत कारण घरं अजून ओली. मग नवऱ्यानं भिंतीला पट्ट्या मारल्या आणि चित्रं टांगून ठेवली. खाली फ्रेमला आलेली गिऱ्हाइकं जिना चढून वर यायला लागली आणि त्यातली दोन-तीन चित्रं विकली पण गेली, कसलं उद्घाटन नाही की काही नाही.

तेव्हा सरांनी विषय काढला की हा हॉल असाच ठेवूया, सगळ्यांनी मिळून चालवूया. त्यांनीच चोलामंडलची गोष्ट सांगितली. 1966 साली मद्रासच्या आर्ट स्कूलचे के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी शहराबाहेर समुद्राकाठी जमीन घेऊन कलाकारांचं गाव वसवलं, आणि पैसा कुठून आला तर बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, आणि हस्तकलेच्या वस्तू विकून. म्हणजे चित्र विकलं जाईल तेव्हा जाईल, तोवर हाताची कला घर चालवेल. मला धंदेवाली म्हणून ती गोष्ट एकदम पटली. आणि आपल्या कोल्हापुरात सहकार काही नवीन शिकवायला नको, घराघरात कोणीतरी साखर कारखान्याचा सभासद आहे नाहीतर डेअरीला दूध घालतंय, सभासद, वर्गणी, लाभांश हे शब्द पोरांना पण माहीत असतात.

नियम बसून ठरवले, भांडून ठरवले म्हणा हवं तर. दरमहा वर्गणी 500 रुपये. विक्रीवर 20 टक्के कपात, त्यातले निम्मे हॉलचं भाडं-लाइट, निम्मे सामायिक फंडात. मोठ्या शहरातल्या खासगी गॅलऱ्या 30 ते 50 टक्क्यांपर्यंत घेतात त्यामानानं हे कमी आहे, पण इथं प्रत्येकानं स्वतः बसायचं आहे. महिन्याचा हिशोब जिन्याच्या भिंतीवर लावायचा, कोणाचं काय विकलं, कितीला विकलं, फंडात किती आहेत, सगळं. काही जणांना किंमत उघड करणं नको होतं. मी तेवढ्या एका मुद्द्यावर अडून बसले कारण दुकानदारीत मी हे बघितलंय, हिशोब झाकला की संशय येतो आणि संशय आला की माणूस येणं बंद करतो.

पण गॅलरी खरी उभी राहिली ती हॉलमध्ये बसायच्या पाळीच्या नियमामुळं. रोज एका सभासदाची पाळी, आणि पाळीवर बसलेल्यानं स्वतःचं चित्र दाखवायचं नाही, आलेल्या माणसाला दुसऱ्यांचीच दाखवायची. स्वतःच्या चित्राबद्दल बोलताना चित्रकार एकतर गप्प होतो नाहीतर फार बोलतो, दोन्ही वेळा गिऱ्हाईक निघून जातं. दुसऱ्याच्या चित्राबद्दल मात्र तो सुंदर बोलतो कारण त्यातली मेहनत त्याला दिसते. आमच्यात एक मुलगी आहे, जलरंगात काम करते, स्वभावानं इतकी लाजरी की स्वतःची किंमत सांगताना खाली बघायची. तिच्या पाळीला पुण्याचं एक जोडपं आलं, तिनं त्यांना एका म्हाताऱ्या काकांचं पन्हाळ्याचं तैलचित्र दाखवलं, धुकं कुठल्या थरावर दिलंय, खालचा रंग वाळायला किती दिवस थांबावं लागलं असेल, हे हात हलवून हलवून सांगत होती, मी खालून माउंट द्यायला वर गेले होते तर ऐकत उभीच राहिले. चित्र विकलं गेलं. काकांना फोन केला तर ते म्हणाले, “पोरीला काय पायजे ते दे माझ्या वाट्यातनं.” तिनं काही घेतलं नाही, पण काका तेव्हापासून स्वतःच्या पाळीला तिचीच चित्रं आधी दाखवतात.

पाटीवाल्या मामांना सभासद करून घेताना मात्र खूप ताणलं. मामा म्हणजे साइनबोर्ड पेंटर, पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या, तालमीच्या भिंती, ट्रकच्या मागची अक्षरं सगळी त्यांच्या हातची, मग फ्लेक्स आला आणि काम संपलं. काही जणांचं म्हणणं की हे कारागीर आहेत, कलाकार नव्हेत, उद्या सगळेच येतील. मला त्या बोलण्याचा फार त्रास झाला, अजूनही आठवलं की होतो, कारण बाबूराव पेंटरांच्या गावात हे कोणी बोलावं? सर काही बोलले नाहीत, त्यांनी मामांना एक प्लायचा तुकडा आणि एनॅमल रंग आणून दिला. मामांनी खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारली, रेघ पडली, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवलं आणि पेन्सिल न लावता ‘कोल्हापूर’ लिहिलं, प्रत्येक अक्षराला सावली आणि सावलीला पण उतार. विरोध करणाऱ्यांपैकी एकानंच तो तुकडा दारावर लावूया म्हटलं. तो अजून आहे.

त्यातनंच पुढं जोडीनं काम करायची पद्धत पडली. एक पोरगा जुन्या पेठा रंगवायचा, गल्ल्या, लाकडी माड्या, सायकली. मामा त्याच्या चित्रासमोर उभं राहून म्हणाले, “दुकान हाय पण पाटीवर अक्षर न्हाई, मग गिऱ्हाइकाला कळणार कसं?” पुढच्या चित्रात पाट्या मामांनी लिहिल्या, बोटाएवढ्या जागेत, खऱ्या पाट्यांची जुनी वळणं आठवून आठवून. आता त्या चित्रांची मालिकाच झालीय, खाली दोघांच्या सह्या असतात. कुंभार गल्लीतला एक मूर्तिकार आणि ती जलरंगवाली मुलगी मिळून शाडूचे छोटे उठावाचे तुकडे करतात, तो घडवतो ती रंगवते. पैशावरून पुढं कटकट नको म्हणून जोडकाम सुरू व्हायच्या आधीच वाटणी किती ते फ्रेमच्या पाठीला लावतात त्या एमडीएफच्या फळीवर पेन्सिलनं लिहून दोघं सही करतात. गिऱ्हाइकाच्या घरी चित्र जातं तेव्हा ते लिहिलेलं पण सोबत जातं, मला ते आवडतं.

लॉकडाऊनमध्ये हॉल बंद, ज्यांचं घर चित्रकलेच्या क्लासवर चालायचं त्यांची फीच थांबली. सामायिक फंड तेव्हा उपयोगी पडला, आणि कॅलेंडर पण. चोलामंडलचं बाटिक तसं आमचं कॅलेंडर, बारा महिने बारा सभासद, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर, बाहेरदेशी असलेल्या कोल्हापूरकरांनी पण मागवली. 2021 च्या जुलैत परत महापूर आला, पाणी 2019 पेक्षाही चढलं, पण यावेळी पाणी चढायच्या आधीच चित्रं वर येऊन बसली होती कारण कोणाच्या घरून कोणी आणायची याची यादी पावसाळ्याआधीच केलेली असते.

सगळं गोडगोड नाहीये. एका हॉटेलनं खोल्यांसाठी मोठी ऑर्डर दिली, फ्रेमसकट चित्रं लागली, आणि पैसे यायला वर्ष गेलं. तेवढ्यात पट्टीवाल्याचं बिल मी दुकानातून भरलं, चित्रकारांना त्यांचा वाटा फंडातून उचल म्हणून दिला. आता मोठ्या ऑर्डरला निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय पट्टी कापत नाही. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतात, मग कोपऱ्यातल्या पाचरी ठोकून ताण द्यावा लागतो, हे काम मी गिऱ्हाइकांना कायम फुकट करून देते, तुमच्याकडचं पण घेऊन या.

सध्या रीतसर सहकारी संस्था म्हणून नोंदणी करायचं चाललंय. 1960 च्या कायद्याप्रमाणं वेगवेगळ्या कुटुंबातली किमान 10 माणसं लागतात, ती आमच्याकडं आहेत, पण दरवर्षी ऑडिट, सर्वसाधारण सभा, इतिवृत्त हे कोण सांभाळणार यावर अजून एकमत नाही. सरांचं मत करावीच, कारण उद्या दुकान माझ्या मुलांनी चालवलं नाही तर हॉलचं काय. मला ते पटतं, म्हणून पोटनियमांचा कच्चा मसुदा मीच लिहायला घेतलाय आणि पाळीचा नियम त्यात पहिल्या पानावर टाकलाय. दिवाळीनंतरच्या बैठकीत तो वाचून दाखवायचा आहे. तोवर गॅलरी सोमवार सोडून रोज संध्याकाळी उघडी असते, जिना अरुंद आहे, मोठं चित्र घेऊन येणार असाल तर आधी दुकानात सांगा, पोरं खाली येऊन धरू लागतील.