तुम्ही विचारलंत म्हणून : खडूनंतर मुलांना कोणते रंग द्यावेत?

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या सोप्यावर मी गेली काही वर्षे रविवारी सकाळी आसपासच्या मुलांना चित्रकला शिकवतो, आणि दर जूनमध्ये नव्या मुलांबरोबर येणारे आईवडील एकच प्रश्न विचारतात : खडू झाले, आता जलरंग द्यायचे की ते ग्वाश म्हणतात ते? मागच्या रविवारी एका आईने तो पुन्हा विचारला, परंतु तेवढ्यात कोणाचे तरी रंगाचे पाणी सांडले आणि माझे उत्तर अर्धवट राहिले. ते येथे पुरे करतो.

माझे उत्तर ग्वाश असेच आहे, मात्र त्याचे जे कारण सहसा सांगितले जाते, म्हणजे ‘यात चूक झाकता येते’, ते निम्मेच खरे आहे.

ग्वाश म्हणजे अपारदर्शक जलरंग. रंगद्रव्य, बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक आणि पाणी हे घटक पारदर्शक जलरंगातही असतात. ग्वाशमध्ये रंगद्रव्य अधिक असते, काही रंगांत खडूसारखी पांढरी पूडही घातलेली असते, त्यामुळे खालचा कागद झाकला जातो. पारदर्शक जलरंगात उजेड कागदाच्या पांढऱ्या भागातून येतो आणि तो भाग आधीपासून राखून ठेवावा लागतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला, जे रंगवायचेच नाही त्याचा विचार सर्वांत आधी करायला लावणे मला अन्यायाचे वाटते. ग्वाशमध्ये उजेड शेवटी ठेवता येतो. नाव परदेशी असले तरी रीत आपल्याला परकी नाही; राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रे डिंकात कालवलेल्या अपारदर्शक रंगांचे थर देऊन आणि ते घोटूनच केलेली आहेत.

खरेदीविषयी थोडक्यात सांगतो. शाळेत वापरतात तो पोस्टर कलर हा ग्वाशचा स्वस्तातला भाऊ आहे आणि पहिल्या वर्षी तो पुरेसा होतो. पिवळा, किरमिजी, अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा एवढेच पाच रंग घ्यावेत, त्यांत पांढऱ्याची बाटली मोठी असावी. कागद जाड हवा. ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) परवडत नसेल तर २०० चा चालेल, पण तो चारही बाजूंनी चिकटपट्टीने फळीला चिकटवावा, नाहीतर पापडासारखा वर येतो. ट्यूबवर ‘ॲक्रिलिक ग्वाश’ लिहिलेले असेल तर ती परत ठेवावी. मी स्वतः एकदा घाईत तो संच आणला, मुलांनी ब्रश न धुता ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सहा ब्रश काड्यांसारखे कडक झालेले मिळाले. तो रंग वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही.

पहिल्या दिवशी मी चित्र काढू देत नाही. त्या दिवशी एकच रंग तीन प्रकारे कालवायचा असतो : ताकासारखा, सायीसारखा आणि लोण्यासारखा. ताकासारख्या रंगातून कागद दिसतो, लोण्यासारखा रंग वाळला की भेगा पडतात, आणि हवा असतो तो सायीसारखा. हे शब्द मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. मग त्याच ठिपक्यांशेजारी वाळण्यापूर्वीचा आणि वाळल्यानंतरचा रंग ताडून पाहायचा, कारण ग्वाशमध्ये फिकट रंग वाळताना बहुधा थोडे गडद होतात आणि गडद रंग थोडे फिकट.

खरी अडचण दुसऱ्या थराला येते, आणि गोव्यातल्या पावसात ती दुप्पट होते. ग्वाशचा वाळलेला थर पाणी लागताच पुन्हा जागा होतो. मे महिन्यात जो थर मुलाचे पाणी पिऊन होईपर्यंत वाळतो, तो जुलैमध्ये वरून कोरडा दिसतो आणि आतून ओला असतो. म्हणून मी मुलांना बोटाची मागची बाजू हलकेच टेकवायला सांगतो, गार लागले तर थांबायचे. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने हिरव्यागार शेतावर पांढरा बगळा काढला. बगळा पुरेसा पांढरा दिसेना म्हणून त्याने ब्रश पुन्हा ओला करून चार वेळा घासला, आणि दर घासण्यागणिक बगळा अधिकच पोपटी होत गेला. चूक झाकण्याचे आश्वासन फसते ते असे. यावर उपाय म्हणजे वरचा रंग खालच्यापेक्षा दाट ठेवायचा, ब्रशमधले पाणी फडक्याला टिपायचे, एकदाच फटकारा मारायचा आणि ब्रश उचलायचा. ‘ब्रश उचल’ हे दोन शब्द मी एका सकाळीत जितक्या वेळा उच्चारतो, तितक्या वेळा बहुधा मुलांची नावेही उच्चारत नाही. मुलाचा हात वेळेवर थांबायला शिकवणारे दुसरे माध्यम मला माहीत नाही, आणि ग्वाशची बाजू मी घेतो ती मुख्यतः यासाठी.

चतुर्थीच्या सुमारास आम्ही माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगून सजवलेली चौकट, रंगवतो. नारळ, सुपारीचे घोस, निरफणस, आंबाडे, तवशी असे सगळे डोक्यावर टांगलेले असते आणि जवळपास सगळेच हिरवे असते. तयार हिरव्या रंगाची बाटली मात्र कोणाकडेच नसते. निळ्या-पिवळ्यातून आंबाड्याचा हिरवा आणि त्यात किंचित बर्न्ट सिएना घालून शहाळ्याचा हिरवा जुळवताना मुले पेन्सिलीच्या रेषा विसरतात. रेषा मी मुळातच काढू देत नाही, कारण एकदा रेषा आखली की मूल तिच्या आत रंग भरत बसते. आधी मागची भिंत, तिच्यावर फळांचे मोठे आकार, आणि शेवटी निरफणसाचे काटे.

पुरी झालेली चित्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, दमट हवेत तिथे बुरशी लवकर धरते आणि रंग पिशवीला चिकटतात. दोन चित्रांमध्ये कोरा कागद घालून ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवी ठेवावीत. फ्रेम करायची असेल तर काच चित्राला टेकणार नाही अशा बेताने मधे जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला दुकानदाराला सांगावे.