दहिवर आणि तंबाखूचं पान

आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं तंबाखू केली आणि मला मात्र तिच्या रानात फिरकू दिलं नाही. कागल तालुक्यातलं आमचं गाव, माल जायचा निपाणीच्या वखारीत. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींच्या मागं तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावर जे शेतकरी बसले, त्यांत आप्पाही होते. पुढं रानात पाणी आलं, ऊस आला, तंबाखू गेली. मी तोवर शिकायला बाहेर पडलो होतो. म्हणजे तंबाखूच्या घरात जन्मून मला तंबाखूचं रोप कसं लावतात हे ठाऊक नव्हतं, आणि ते शिकायची वेळ आली ती अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, जिथं मार्चमध्येसुद्धा तळ्यावर बर्फ असतो.

निमित्त शेजारच्या आजोबांचं. मॅडिसनच्या दक्षिणेला स्टॉटन, एजर्टन ही गावं आहेत. नॉर्वेहून आलेल्या लोकांनी तिथं पिढ्यान्‌पिढ्या सिगारच्या आतल्या वेष्टनाची तंबाखू पिकवली. त्या बाजूनं गाडीनं जाताना तंबाखू वाळवायची लांबुळकी लाकडी गोदामं दिसतात. त्यांच्या भिंतीतल्या उभ्या फळ्यांना बिजागऱ्या असतात, वारा हवा तेवढा आत घ्यायला फळ्या उघडायच्या, नको तेव्हा मिटायच्या. आजोबा पोरसवदा असताना सुट्टीत असल्याच गोदामात राबलेले. मी निपाणीचं नाव काढलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तुमच्याकडे झाड कापतात की पानं खुडतात?’ मला सांगता येईना. घरी येऊन आप्पांना फोन लावला. ‘झाड कापत्यात,’ आप्पा म्हणाले. ‘कुणाला पायजे?’

बी मागवलं. इथं स्वतःपुरती तंबाखू लावायला केंद्राचा परवाना लागत नाही, करही नाही. विकायला काढली की मात्र गोष्ट वेगळी. मी ओढत नाही, खात नाही. बायकोला हे ठाऊक असल्यामुळं तर तिला जास्तच काळजी वाटली.

बी बघून मी चाट पडलो. एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास दाणे. चिमटीत घेतलं की चहाची पूड वाटते, आणि शिंक आली तर सगळा हंगाम गेला. आप्पा म्हणाले, ‘बारीक वाळूत कालवून फेकायचं.’ तरव्याचा, म्हणजे रोपांचा, वाफा दोन गुंठ्यांचा असेल तर ठीक, माझ्याकडे दह्याचे दोन डबे होते. तरी केलं तसंच. हे बी मातीआड करायचं नसतं, उजेड दिसल्याशिवाय नीट उगवत नाही. मार्चच्या मध्यावर तळघरात, ट्यूबलाइटखाली, डब्यांच्या बुडाशी रोपांची गरम चटई टाकून माती पंचवीस अंशांवर ठेवली. आठवडाभरानं हिरवी बुरशी आल्यासारखं काहीतरी दिसलं. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याला दोन पानं!

पण एवढंसं रोप महिनाभर हलत नाही. मग एकदम सुटतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत इथं पहाटे दहिवर, म्हणजे दव, गोठण्याची भीती असते, म्हणून आठ-दहा दिवस रोपं सकाळी अंगणात, संध्याकाळी घरात, अशी ने-आण केली. शेवटी सहा रोपं वाफ्यात लावली, टोमॅटोपासून लांबच्या कोपऱ्यात. दोन्ही एकाच कुळातली, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. जुलैत पाऊस आणि ऊन दोन्ही लागून मिळालं आणि झाडं माझ्या खांद्याला आली. गुलाबी फुलांचा तुरा दिसायला लागला तसा शेंडा खुडला. तेवढं मला आप्पांच्या बोलण्यातून माहीत होतं: शेंडा ठेवला तर ताकद बियाला जाते आणि पान कागदासारखं राहतं. शेंडा गेला की प्रत्येक पानाच्या बगलेतून नवी फूट निघते, तीही आठवड्याला काढायची.

ती बगलफूट काढताना माझी फजिती झाली. सकाळचे सात, रात्रीचं दहिवर पानांवर तसंच, अंगात हाफ बाह्यांचा शर्ट. अर्धा तास मन लावून खुडत होतो. हाताला काळसर चिकटा बसला, कोपरापर्यंत पाणी ओघळलं. नऊच्या मीटिंगला बसलो तर तोंडाला पाणी सुटायला लागलं, मग कपाळावर गार घाम, मग स्क्रीनवरची माणसं डावीकडे सरकायला लागली. कॅमेरा बंद करून न्हाणीघर गाठलं. दुपारपर्यंत पोटात पाणी ठरलं नाही. बायकोनं दवाखान्याच्या फोनवरच्या नर्सला गाठलं. सकाळपासून काय काय केलं हे ऐकून तिनं आधी हात साबणानं धुवायला आणि शर्ट बदलायला लावला. ओल्या पानातलं निकोटीन पाण्यात उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. तंबाखूच्या मळ्यात काम करणाऱ्यांना हे नेहमीचं दुखणं.

रात्री आप्पांना सांगितलं. ते आधी हसले.

‘दहिवर उतरल्याबिगर पाल्याला हात लावायचा नसतो, एवढंबी ठावं न्हाई?’

‘सांगितलं कुणी मला?’

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘धाकटा चुलता तुझा, धा वर्साचा असताना असाच वकून पडला हुता बांधावर. म्हणून तर तुला येऊ देत न्हवतो.’

लहानपणी मला कारण सांगायचे ते एवढंच, की चिकट हातानं पुस्तकं खराब होतात.

त्यानंतर पूर्ण बाह्या, हातमोजे आणि दुपारची वेळ. एका झाडावर बोटाएवढी हिरवी अळी सापडली, शेपटीला शिंग आणि पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष. गांधीलमाशीच्या जातीतली एक बारकी माशी अळीच्या अंगात अंडी घालते, हे कोष तिच्या पिल्लांचे. अशी अळी मारायची नाही, ती मेल्यात जमा असते आणि तिच्या पाठीवर आपली फौज तयार होत असते. आप्पांना फोटो पाठवला. त्यांनी जेवताना असलं काही पाठवू नकोस म्हणून कळवलं.

तोवर मला वाटत होतं की थंड मुलखात तंबाखू पिकवणं अवघड. पिकवणं काही अवघड नाही. ती आपल्या बाजूनं भरपूर वाढते. अवघड आहे ते वाळवणं, आणि तिथं आप्पांचा अनुभव कामाला येईना. आमच्याकडे पानावर तांबूस ठिपके पडले की झाड कापून रानातच उन्हाला टाकतात. जानेवारी-फेब्रुवारीचं निपाणीचं ऊन बाकीचं बघून घेतं. इथं सप्टेंबर उलटला तरी माझ्या पानांवर ठिपका नाही. बर्फाच्या भीतीनं झाडं कापली आणि गॅरेजमध्ये दाराजवळ, ऊन आणि वारा लागेल अशी टांगली. पाच दिवसांत कुरकुरीत वाळली. रंग मेथीच्या वाळल्या भाजीसारखा हिरवागार. वासही तसलाच.

आजोबांनी एक पान हातात घेतलं आणि चुरा करून टाकला. ‘घाईनं मारलंस,’ म्हणाले. कापल्यावरही पान बरेच दिवस जिवंत असतं. आपल्यातला स्टार्च खात राहतं, हिरवा रंग मोडत जातो, पिवळं होतं आणि मग तपकिरी. त्याआधी ते वाळलं तर हिरवा रंग तिथंच अडकतो आणि पुढं काही केलं तरी जात नाही. शिवाय मी लावलेली जात व्हर्जिनिया होती. ती भट्टीच्या उष्णतेवर पिवळी करायची, तिला टांगून काय उपयोग!

दुसऱ्या वर्षी बर्ली लावली, ती वाऱ्यावर वाळणारी. आठ झाडं. सप्टेंबरच्या सुरुवातीला खालची पानं आपणहून पिवळी पडली. झाडं बुंध्यात कापली, दोन-तीन तास सुकून मऊ पडू दिली, आणि आजोबांनी दिलेली टोकदार लोखंडी टोपी लाकडी पट्टीच्या टोकाला बसवून झाडांचे देठ तिच्यावर ओवून घेतले. हे ओवण्याचं काम त्यांनी मला करूच दिलं नाही. ऐंशी उलटलेला माणूस, खटाखट चार झाडं एका पट्टीवर. मग अंगणातल्या अवजारांच्या खोलीत उलटी टांगली आणि खोलीत आर्द्रता मोजायचा काटा लावला. पासष्ट-सत्तर टक्के असेल तर उत्तम. कमी झाली की फरशीवर पाणी शिंपडायचं, वाढली की दार उघडायचं. बिजागरीच्या फळ्यांचं काम मी आणि एक दार मिळून करत होतो. ऑक्टोबरात चार दिवस पावसाची झड लागली तेव्हा दोन झाडांच्या देठापाशी पांढरी बुरशी आली, ती टाकून द्यावी लागली. बाकीची सहा हळूहळू लिंबाच्या, मग खारकेच्या रंगावर आली.

नोव्हेंबरात पानाची मधली शीर कट्‌कन मोडायला लागली म्हणजे आतपर्यंत वाळलं होतं. मी उतरवायला निघालो तर आजोबांनी थांबवलं. कोरड्या दिवशी हात लावलास तर भुगा होईल, धुक्याच्या दिवसाची वाट बघ, म्हणाले. आप्पांना विचारलं तर तेही तेच: ‘पहाटेच उचलायचा. दहिवरानं पाला मऊ पडतोय, मग बांध पेंडी.’ हिरवं पान ओलं असताना धरायचं नाही आणि वाळलेलं कोरडं असताना धरायचं नाही. हे दोघंही मला इतक्या सहज सांगत होते, जसं काही ते जन्मापासून कुणालाही माहीत असतं.

अकरा दिवसांनी धुकं आलं. पानं चामड्यासारखी लवचीक झाली होती. खोलीतच उभं राहून आप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि एक पान उजेडासमोर धरलं.

‘मागून दाव,’ आप्पा म्हणाले. मी पान उलटं केलं. ‘शीर?’ शीर दाखवली. ‘वास?’

‘सुक्या गवताचा. थोडा झणझणीत, डोळ्यांत जातोय.’

‘म्हंजे अजून कच्चा हाय. थप्पी मारून ठेव, वर वजन दे. आणि सारखा उघडून बघत बसू नको.’

पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून वर कणकीची पिशवी ठेवली आहे. बायको रोज विचारते कणीक कुठंय.