मिरजेचा मावसभाऊ, काळी स्क्रीन आणि बायोस अपडेट

रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो तेवढ्यात मावसभावाचा मिरजेवरनं फोन. "दादा, पीसी चालूच होईना." काय केलंयस म्हणलं, तर "काय नाय, फक्त प्रोसेसर बदललाय." हे 'काय नाय, फक्त' ऐकलं की मला कळतं की आजची झोप गेली.

त्याच्याकडं २०१९ चा बी४५० बोर्ड आहे, म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर प्रोसेसर, रॅम सगळं बसतं तो. तेव्हा ते सांगलीत गावभागात रहायचे, त्या वर्षीच्या पुरात आधीचा पीसी पाण्यात गेला आणि दिवाळीच्या आसपास हा घेतला, रायझन ५ २६०० घालून. आता कुणाकडनं तरी वापरलेला रायझन ५ ५६०० स्वस्तात मिळाला, सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, दोन्हीचं एएम४ च, मग काय, काढला जुना, घातला नवा. पंखे फिरतायत, रॅमच्या लाईटी लागतायत, कीबोर्ड मात्र मेल्यागत आणि स्क्रीन काळी.

आता गंमत अशी की प्रोसेसर पण चांगला होता आणि बोर्ड पण चांगला होता. ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मधे, आणि याच्या बोर्डवरचा बायोस, म्हणजे पीसी चालू होताना प्रोसेसर, रॅम ओळखणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर, २०१९ चा, दुकानातनं आला तसाच. पाव्हणा ओळखीचाच नाही तर घरात कोण घेणार, उभा राहिला दारात. सॉकेटमधे बसतो म्हणजे चालतो असं नसतंय, कंपनीच्या साईटवर बोर्डच्या सपोर्ट पेजवर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) सपोर्ट लिस्ट असते, तिथं प्रत्येक प्रोसेसरपुढं कुठल्या बायोस व्हर्जनपासनं चालतो ते लिहिलेलं असतं. ते आधी बघायचं, पैसे द्यायच्या आधी.

म्हणलं जुना प्रोसेसर विकलास का? नाही म्हणला, टेबलावर आहे. वाचलास. कारण त्याच्या बोर्डला ते फ्लॅशबॅकचं बटण नव्हतं. काही बोर्डना मागं एक बटण असतं, पेनड्राइव्ह लावून ते दाबलं की प्रोसेसर नसला तरी बायोस लिहिला जातो, एमएसआयवाले त्याला फ्लॅश बायोस म्हणतात, असुसवाले बायोस फ्लॅशबॅक, गिगाबाइटवाले क्यू-फ्लॅश प्लस. नसेल तर जुना प्रोसेसर परत बसवायचा, अपडेट मारायचा, मग नवा. दुसरा रस्ता म्हणजे कुणाचा तरी प्रोसेसर उसना मागत फिरणं.

सांगलीत विश्रामबागेतनं गाडी काढली, मिरजेत पोचलो आणि बघतो तर जुना प्रोसेसर अजून जुन्या कूलरच्या बुडालाच चिकटलेला! एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि प्रोसेसर-कूलरच्या मधली उष्णता वाहून न्यायची पेस्ट वाळून घट्ट झाली की कूलर ओढताना प्रोसेसर लॉक तसंच असताना सॉकेटातनं उपटून येतो. पेस्ट मऊ असताना काढायचा असतो, म्हणजे पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचा, बंद करून वायर काढायची आणि कूलर वर न ओढता आधी डावी-उजवीकडं हळूहळू फिरवायचा. यानं गारढोण पीसीवर जोर लावलेला. दोन पिना वाकल्या होत्या. ०.५ ची पेन-पेन्सिल घेतली, आतलं शिसं काढलं आणि त्या पोकळ टोकात पिन घालून केसाएवढी केसाएवढी सरळ केली, वीस मिनिटं गेली, मावशी दोनदा चहा ठेवून गेली आणि दोन्ही वेळा गार झाला.

जुना बसवला, डिस्प्ले आला. लगेच मावसभाऊ म्हणतो चल टाकू आता. म्हणलं थांब. बाहेर बघ.

बाहेर वळवाचं आभाळ. एप्रिल-मे मधे आपल्याकडं दुपारी चारनंतर काय होतं ते सांगलीकरांना सांगायला नको, वारं सुटलं की लाईट गेलीच.

मी एकदा खाल्लेला मार सांगतो. कॉलेजला होतो, पीसीत काहीही बिघाड नव्हता, फक्त साईटवर बायोसचा नवा व्हर्जन दिसला म्हणून हात शिवशिवले. साठ टक्क्याच्या पुढं पट्टी गेली होती आणि लाईट गेली. परत आल्यावर बटण दाबलं तर पंखा फिरायचा, बंद व्हायचा, परत फिरायचा. बायोस बोर्डवरच्या आठ पायांच्या एका बारक्या चिपमधे असतो, माझ्या बोर्डवर २५क्यू६४ होती, म्हणजे ६४ मेगाबिट, ८ एमबी. लिहायच्या आधी जुनं पुसलं जातं, त्यामुळं मधेच करंट गेला तर जुना पण नाही आणि नवा पण अर्धा. शेवटी एका लॅपटॉप रिपेअरवाल्या काकांनी चिपला चिमटा लावला, यूएसबीचा प्रोग्रॅमर जोडला आणि फाईल परत लिहून दिली. साडेतीनशे घेतले आणि फुकटात एक वाक्य ऐकवलं, "चांगलं चाललेलं बघवत नाही का रे?" तेव्हा राग आला होता, आता मी तेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवतो.

तर त्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही, फक्त तयारी केली, आणि खरं काम तेच असतं. त्याच्याकडं यूपीएस होता, ६०० व्हीए, "आहे की यूपीएस, कशाला भितोस" म्हणला. म्हणलं पीसी चालू ठेव आणि भिंतीतली पिन काढ. काढली. टीं टीं टीं आणि बारा सेकंदात सगळं गप! आतली १२ व्होल्टची बॅटरी कधीच मेलेली, यूपीएस नुसता एक्स्टेन्शन बोर्ड म्हणून काम करत होता. घरोघरी हीच बोंब आहे, दोन-तीन वर्षं झाली की बॅटरी बसते आणि लाईट जाईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. सोमवारी नवी बॅटरी टाकली, परत पिन काढून बघितली, दहा मिनिटं सहज चालला. अपडेटला एवढं बास आहे.

तोवर मी फाईल उतरवून ठेवली. बोर्डचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे, बी४५०एम आणि बी४५० वेगळे, नावाच्या शेपटीला प्रो, मॅक्स, व्ही२ असलं काही असेल तर तो बोर्ड वेगळाच. विंडोजमधे रनमधे एमएसइन्फो३२ टाकलं की बोर्डचं नाव, आत्ताचा बायोस व्हर्जन आणि तारीख दिसते, पण रिव्हिजन नंबर बोर्डच्या कोपऱ्यातच छापलेला असतो, तो टॉर्च मारून बघायचा. आणि फाईल कंपनीच्याच साईटवरनं घ्यायची, टेलिग्रामवर कुणी दिली म्हणून नाही. प्रत्येक व्हर्जनच्या खाली बारीक अक्षरात सूचना असतात त्या वाचा, काही बोर्डना आधी मधला एक व्हर्जन टाकून मगच शेवटचा टाकता येतो, काहींना एकदा वर गेलं की परत खाली येता येत नाही. बीटा, म्हणजे अजून चाचणीतला, लिहिलेला व्हर्जन मी तरी घेत नाही.

एक जाता जाता, एएम४ च्या बऱ्याच बोर्डवर ही चिप १६ एमबीचीच होती आणि २०१७ पासनं २०२२ पर्यंतचे सगळे प्रोसेसर तेवढ्यात मावेनात, म्हणून कंपन्यांनी नव्या बायोसमधनं काही जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकला. एमएसआयनं २०१९ मधे मॅक्स नावाचे बोर्ड काढले त्यात ३२ एमबीची चिप होती ती याचसाठी.

मंगळवारी सकाळी सात वाजता परत मिरज. आभाळ निरभ्र, नळाला पाणी, मावशीची पूजा चाललेली, म्हणजे मुहूर्त चांगला. ८ जीबीचा जुना पेनड्राइव्ह, एफएटी३२ मधे फॉरमॅट केलेला, झिप फोडून आतली फाईल कॉपी केली (झिप तशीच टाकणारे मी पाहिलेत), मागच्या बाजूला थेट बोर्डच्या पोर्टला लावला, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला नाही. ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर-रॅम ठरलेल्यापेक्षा जोरात पळवणं, काही केलं असेल तर आधी डीफॉल्टला आणायचं, आणि जुन्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढायचे, सगळ्या पानांचे. मग बायोसमधे जाऊन तिथलाच फ्लॅशचा, म्हणजे बायोस लिहायचा, टूल वापरला. विंडोजमधनं अपडेट करायचं सॉफ्टवेअर कंपन्या देतात, पण विंडोज मधेच कधी अडकेल त्याचा नेम नाही, मी त्या वाटेला जात नाही.

पट्टी चालू झाल्यावर मावसभाऊ माउसला हात लावायला लागला तेव्हा हातावर चापट मारली. साडेचार मिनिटं लागली. मग रीस्टार्ट झाला आणि स्क्रीन काळी, पंखे जोरात, परत बंद, परत चालू. "गेला?" गेला नाही, रॅम नव्यानं ओळखायलाय, दोन-तीनदा असं होतं, पाच मिनिटं हात बांधून बसायचं. याच काळ्या स्क्रीनला घाबरून लोक बटण दाबून धरतात आणि नसलेला घोळ करून ठेवतात.

मग नवा प्रोसेसर घातला, यावेळी पीसी गरम करून, फिरवून. चालू झाल्यावर पांढऱ्या अक्षरात प्रश्न आला, नवीन सीपीयू दिसतोय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली, सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची तिजोरी) रीसेट करू का, वाय की एन. इथं भल्याभल्यांची विकेट जाते. विंडोजमधे बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, चालू असेल आणि वाय दाबलं तर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि की नसेल तर डेटाला रामराम. विंडोज ११ मधे मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं असेल तर हे एन्क्रिप्शन तुम्हाला न सांगता चालू असू शकतं. म्हणून मी रविवारीच त्याच्या अकाउंटमधनं की काढून कागदावर लिहून घेतली होती आणि अपडेटच्या आधी बिटलॉकर सस्पेंड केला होता. वाय दाबलं, विंडोज सरळ उघडलं.

आता कुणी म्हणेल मग दर अपडेट टाकायचा का. माझं मत पूर्वी सरळ होतं, चाललंय तर हात लावू नका. आता तेवढं ठाम नाही. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजनं आतनं खराब व्हायला लागले आणि त्याच्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ पासनं बायोस अपडेटमधनंच आला, ज्यांनी हात लावला नाही त्यांचंच नुकसान. २०२३ मधे एएम५ या पुढच्या सॉकेटवर रायझनचे एक्स३डी नावाचे प्रोसेसर जळाले तेव्हाही प्रोसेसरच्या एसओसी भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा बायोसमधनंच घातली. म्हणजे नवा प्रोसेसर, नाहीतर असं काही ठोस कारण, किंवा सिक्युरिटीचा फिक्स असेल तर टाका. नुसता नंबर वाढला म्हणून नको.

गुरुवारी परत फोन. "दादा, अँड्रॉइड एम्युलेटर चालेना, आणि गेम पहिल्यापेक्षा स्लो वाटतोय." अपडेटनं सगळी सेटिंग डीफॉल्टला गेली होती, रॅम ३२०० ची असून २४०० वर पळत होती आणि व्हर्च्युअलायझेशन बंद. म्हणलं मोबाईलमधले ते फोटो काढ, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं पळवायची सेटिंग) चालू कर आणि एसव्हीएम (व्हर्च्युअलायझेशनचं एएमडीचं नाव) शोध.

"कुठले फोटो?"

त्यानं काढलेच नव्हते. पाऊण तास फोनवर, एकेक मेनू तो मोठ्यानं वाचतोय आणि मी हो-नाही म्हणतोय. एसव्हीएम सापडलं ओव्हरक्लॉकच्या पानात, सगळ्यात खाली, सीपीयू फीचर्समधे.